वाचकांचे प्रश्न : विषयवार सूची करावी की शब्दशोधावर भागवावे?

प्रश्न : दांडिया बाजारातील आमच्या मंडळाच्या वाचनालयात सुमारे १,१०० जुनी मराठी पुस्तके आणि मासिकांचे बांधीव अंक आहेत. त्यांतील पुष्कळशी १९६० पूर्वीची आहेत. यंदा ती सगळी स्कॅन करून घ्यायचे ठरले आहे. तरुण सभासदांचे म्हणणे असे, की मजकूर एकदा संगणकाला वाचता आला की शोधाच्या चौकटीत शब्द टाकून हवे ते पान मिळेल, तेव्हा विषयवार सूची करण्यात वेळ घालवू नये. मला १९९८-९९ सालचे याहू आठवते. तिथे विषयांच्या याद्या एकातून एक उघडत आपण वेबसाइटपर्यंत पोचत असू. त्या याद्या गुगलपुढे टिकल्या नाहीत, हाच दाखला ही मंडळी मला देतात. याद्या चुकीच्या होत्या म्हणून मागे पडल्या का? आणि आता आम्ही काय करावे?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यावर मंडळाचे काम अडले असेल. सूची अवश्य करा, आणि स्कॅनिंग संपण्याची वाट न पाहता आत्ताच सुरू करा. शब्दशोधाची सोयही ठेवा. तरुण सभासदांचा आग्रह चुकीचा नाही. त्यांनी दिलेला दाखला मात्र अर्धा आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने लिहिते.

याहूची सुरुवात १९९४ च्या जानेवारीत झाली. जेरी यांग आणि डेव्हिड फिलो हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थी आपल्याला आवडलेल्या वेबसाइटींची यादी ठेवत असत. ती लांबत गेली तेव्हा त्यांनी तिचे विभाग पाडले, आणि विभागही मोठे झाले तेव्हा त्यांचे पोटविभाग पाडले. पुढे या वर्गीकरणाची घडी नीट बसवण्यासाठी श्रीनिजा श्रीनिवासन तिथे रुजू झाल्या, आणि येणारी प्रत्येक वेबसाइट उघडून, पाहून, योग्य त्या शीर्षकाखाली ठेवणारे पगारी संपादक नेमले गेले. पहिल्या पानावर चौदा मुख्य विषय असत : कला, व्यापार, शिक्षण, आरोग्य, विज्ञान, समाज, प्रदेश असे. विषयाच्या नावापुढे कंसात आत किती नोंदी आहेत तो आकडा असे, आणि काही नावांच्या शेवटी '@' हे चिन्ह असे. सयाजीगंजमधल्या एका सायबर कॅफेत मी ते चिन्ह पहिल्यांदा पाहिले आणि त्यावर टिचकी मारली, तेव्हा यादी मला भलत्याच शाखेत घेऊन गेली. क्षणभर गोंधळल्यावर लक्षात आले, की ही तर आपली 'पहा' नोंद! ग्रंथालयाच्या तालिकेत एका शीर्षकाच्या पत्रावर (म्हणजे कार्डावर) दुसऱ्या शीर्षकाकडे बोट दाखवणारी ओळ आम्ही लिहीत असू, तेच काम इथे ते चिन्ह करीत होते. त्या दिवसापासून याहू मला परके वाटले नाही.

त्याच सुमारास दुसरी वाट चालू झाली होती. १९९४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील ब्रायन पिंकर्टन यांनी वेबक्रॉलर सुरू केले. पानावरचा संपूर्ण मजकूर शब्द न् शब्द नोंदवणारे हे पहिले सर्च इंजिन मानले जाते. त्यानंतर लायकॉस आले, आणि १९९५ च्या डिसेंबरात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे अल्टाव्हिस्टा. यांत कोणी माणूस पान वाचत नसे. एक प्रोग्राम लिंकवरून लिंकवर जात पाने गोळा करी, आणि कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आहे याची प्रचंड सूची तयार होई. पुस्तकाच्या शेवटी असते ती शब्दसूची साऱ्या वेबसाठी केली, असे समजावे. अल्टाव्हिस्टावर शब्दाच्या आधी अधिकचे चिन्ह लावले तर तो शब्द असलाच पाहिजे, उण्याचे लावले तर नसलाच पाहिजे, आणि अवतरणचिन्हांत घातले तर तेच शब्द त्याच क्रमाने आले पाहिजेत, असे सांगता येई. एखाद्या ओळीचा माग काढण्यासाठी त्याला तोड नव्हती.

या दोन साधनांकडून माणसे एकाच कामाची अपेक्षा करीत, पण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होती. अमुक शब्द कुठे लिहिला आहे, हे इंजिन सांगे. अमुक विषयावर काय काय आहे आणि त्यातले पाहण्याजोगे कोणते, हे यादी सांगे. आपल्या शहराचेच उदाहरण घ्या. आपण मराठी माणसे बडोदे म्हणतो, इंग्रजीत पिढ्यान् पिढ्या बरोडा चालले, आणि १९७४ पासून अधिकृत नाव वडोदरा आहे. रोमन अक्षरांत 'वडोदरा' टाकले की ज्या पानावर केवळ 'बरोडा' लिहिले आहे ते पान त्या काळच्या इंजिनाला सापडत नसे. त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या अक्षरमाळा होत्या. संपादकाला मात्र शहर एकच आहे हे माहीत असते, आणि तो दोन्ही पाने एकाच शीर्षकाखाली ठेवतो. उलट बाजूही सांगितली पाहिजे : एखाद्या लांबलचक पानाच्या पोटात मांडवीच्या दरवाजावर दोनच ओळी असतील, तर त्या कोणत्याही यादीत येणार नाहीत, इंजिनाला मात्र मिळतील.

शब्दांच्या मोजणीवर चालणाऱ्या इंजिनांना आणखी एक खोड लागली. एखादा शब्द पानावर जितका जास्त तितके पान वर, असा हिशेब असल्याचे कळताच लोक पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहू लागले. वाचणाऱ्याला काही दिसत नसे, प्रोग्रामला मात्र सगळे दिसे. माणूस संपादक असलेल्या यादीत असले पान दारातूनच परत जाई. १९९७-९८ मध्ये शोधाच्या पहिल्या पडद्यावर निरर्थक पानांची रांग लागलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तेव्हाच्या यादीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

मग यादी मागे का पडली? मुख्य कारण संख्येचे आहे. १९९८ मध्ये गुगलच्या पहिल्या सूचीत २.६ कोटी पाने होती आणि २००० सालापर्यंत ती १०० कोटींवर गेली. एका पानाला एकच मिनिट दिले आणि झोप, जेवण काहीही धरले नाही, तरी १०० कोटी पाने पाहायला एका माणसाला १,९०० वर्षे लागतील. हजार माणसे रोज आठ तास, वर्षातले तीनशे दिवस बसवली, तरी सुमारे सात वर्षे. आणि तेवढ्यात आधी पाहिलेली पाने बदललेली किंवा नाहीशी झालेली असणार. पगारी माणसांना हे झेपत नाही म्हणून १९९८ मध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल यांनी स्वयंसेवकांकडून यादी करून घेण्याचा प्रकल्प सुरू केला, जो त्याच वर्षी नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीकडे गेला आणि पुढे ओपन डिरेक्टरी किंवा डीमॉझ या नावाने ओळखला गेला. ज्याला जो विषय माहीत त्याने तो सांभाळावा, हे तत्त्व मला आजही फार मोलाचे वाटते. वर्षानुवर्षांत ९०,००० हून अधिक संपादकांनी तिथे हात लावला आणि १० लाखांहून अधिक वर्गांत सुमारे ३८ लाख वेबसाइटी मांडल्या. तरीही नव्या नोंदी महिनोन् महिने पडून राहत, आणि ज्या वर्गाचा संपादक निघून गेला तो वर्ग ओसाड पडे. २०१७ च्या मार्चमध्ये डीमॉझ बंद झाले. याहूने आपली यादी त्याआधीच, २०१४ च्या डिसेंबरात मिटवली होती.

दुसरे कारण वर्गीकरणातच आहे आणि ते आम्हा ग्रंथालयातल्या माणसांना जुने माहीत आहे. एक वस्तू एकाच जागी ठेवायची म्हटले की निर्णय चुकतो. मी ज्या ग्रंथालयात होते तिथे संखेड्याच्या लाखकामाच्या लाकडी फर्निचरवरचे एक पुस्तक मी उद्योगधंद्यांत वर्गीकृत केले होते, कारण लेखकाने कारागिरांची मजुरी, लाकडाचा पुरवठा आणि बाजार यांवर अधिक पाने खर्ची घातली होती. ललितकलेची एक विद्यार्थिनी दोन दिवस कलेच्या खणातली पत्रे उलटत बसली आणि रिकाम्या हाताने गेली. पुस्तक तिच्यापासून तीन कपाटे पलीकडे उभे होते. तिसऱ्या दिवशी सहज बोलता बोलता उलगडा झाला, आणि मी त्याच दुपारी कलेच्या खणात दुसरे पत्र लावले. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण (कोलन क्लासिफिकेशन) मांडले त्याच्या मुळाशी हीच अडचण होती : एकच विषय अनेक अंगांनी पाहता येतो, तर ती अंगे वेगवेगळी नोंदवून मग जोडावीत. याहूची '@' ही खूण त्या दिशेने टाकलेले छोटे पाऊल होते, पण झाडाच्या फांद्यांसारखी रचना मुळात कायम राहिली, आणि वापरणाऱ्याला संपादकाच्या मनात शिरून वाट शोधावी लागली.

आता गुगलविषयी. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी जो पेजरँक हिशेब बसवला, त्यामुळे गुगलवर पानावर शब्द किती वेळा आला याबरोबर त्या पानाकडे इतर किती आणि कोणत्या पानांनी लिंक दिली आहे हेही मोजले गेले. लिंक कोण देतो? त्या काळी लिंक देणारा म्हणजे एखादा प्राध्यापक, एखादा हौशी माणूस, एखादा यादीचा संपादक. ज्याने ते पान पाहिले आणि इतरांनी पाहावे असे त्याला वाटले. म्हणजे माणसांच्या निवडी गुगलने टाकून दिल्या नाहीत, त्या गोळा करून मोजल्या. डीमॉझच्या यादीवरच आधारलेली गुगलची स्वतःची डिरेक्टरीही २००० पासून २०११ पर्यंत चालू होती, आणि तिच्यात एका वर्गातल्या वेबसाइटी पेजरँकच्या क्रमाने लावलेल्या असत. याहू तरी कुठे निव्वळ याद्यांवर राहिले होते? यादीत काही मिळाले नाही तर ते १९९६ पासून अल्टाव्हिस्टाकडे, मग इंकटोमी या दुसऱ्या इंजिनाकडे आणि २००० पासून गुगलकडेच शोध पाठवीत असे. तेव्हा 'यादी हरली, यंत्र जिंकले' असे आपल्याला कोणी सांगितले, तर यंत्र कोणाच्या निवडींवर उभे राहिले हे त्यांना जरूर विचारा.

आपल्या वाचनालयात यांतली मुख्य अडचण नाहीच, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे १०० कोटी पाने येत नाहीत. १,१०० पुस्तके आहेत आणि ती कपाटात स्वस्थ उभी आहेत. एका पुस्तकाला पंधरा मिनिटे दिली तर २७५ तास होतात. दोन सभासदांनी रोज दोन-दोन तास दिले, तर सत्तर दिवसांत सूची पुरी होते. ज्या कारणाने याहू आणि डीमॉझ थकले ते कारण इथे लागू होत नाही.

उलट शब्दशोधाची अडचण आपल्या संग्रहात नेहमीपेक्षा मोठी आहे. मराठी शुद्धलेखनाचे सध्याचे नियम १९६२ चे आहेत. त्यापूर्वीच्या छपाईत 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' असे अनुस्वार सर्रास आहेत. आजचा वाचक 'काही' टाकणार आणि छापलेले 'कांहीं' त्याला मिळणार नाही. शिवाय जुन्या खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरे तुटलेली, रफार पुसलेले, शाई पसरलेली; संगणक त्यातून जे वाचतो ते एकदा डोळ्यांनी पडताळून पाहा. एखाद्या बांधीव खंडात मोडी लिपीतली पाने असतील तर ती शोधाच्या चौकटीला जवळजवळ अदृश्यच राहतील. लेखक जो शब्द वापरतच नाही त्याचे काय, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. १९२० सालच्या मासिकात साथीच्या रोगांवर उत्तम लेख असेल, पण त्यात 'सार्वजनिक आरोग्य' ही आजची शब्दजोडी एकदाही आलेली नसेल. तो लेख त्या विषयाचा आहे, हे वाचणारा माणूसच लिहून ठेवू शकतो.

म्हणून असे करा. आधी पन्नास-साठ विषयशीर्षके ठरवा आणि ती एका वहीत लिहा. वहीत नसलेले शीर्षक कोणी परस्पर वापरू नये. प्रत्येक पुस्तकाला एक नव्हे, तीनपर्यंत शीर्षके द्या, म्हणजे माझ्या हातून संखेड्याच्या पुस्तकाचे झाले तसे होणार नाही. पर्यायी नावांसाठी 'पहा' नोंदी करा : बरोडा, बडोदा, वडोदरा या सर्वांवरून 'बडोदे' या एका शीर्षकाकडे. आणि पुस्तकात काय आहे हे सांगणारी एक साधी ओळ लिहा, जी प्रस्तावनेतून उचललेली नसेल, ज्याने पुस्तक चाळले त्याची स्वतःची असेल. मासिकांच्या बाबतीत अंकाची नव्हे, लेखाची नोंद करा. इथे काम वाढेल आणि सत्तर दिवसांचे शंभर होतील, पण आपल्या संग्रहातला खरा ऐवज मला तिथेच असावासा वाटतो. तरुण सभासदांना ही सगळी नोंद स्कॅन केलेल्या मजकुराला जोडायला सांगा, म्हणजे शोधाच्या चौकटीत टाकलेला शब्द मजकुरात नसला तरी शीर्षकात किंवा त्या एका ओळीत सापडेल.

हे काम आपल्या शहराला नवे नाही. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारले, तेव्हा बॉर्डन यांनी ड्यूई आणि कटर या दोन अमेरिकन ग्रंथपालांच्या वर्गीकरण पद्धतींचा मेळ घालून बडोद्यापुरते वेगळे वर्गीकरण तयार केले होते. आपली वही आपल्या पुस्तकांच्या मापाची असावी, हे त्यांना तेव्हा पटले होते.

प्रश्न : पूर्वी याहूच्या यादीत व्यवसायाच्या वेबसाइटचे नाव घालायला पैसे मोजावे लागत, असे माझे वडील सांगतात. पैसे घेऊन नाव घातले तर निवड कसली?
— एक विद्यार्थिनी, सयाजीगंज

उत्तर : वडील सांगतात ते बरोबर आहे, एक तपशील तेवढा जोडावा लागेल. याहूने १९९९ मध्ये व्यापारी वेबसाइटींसाठी १९९ डॉलर शुल्क सुरू केले, पण ते पैसे ठरावीक दिवसांत वेबसाइट पाहून निर्णय कळवण्याचे होते. संपादकाला ती योग्य वाटली नाही तर नोंद होत नसे. पुढे हे शुल्क २९९ डॉलर झाले आणि दर वर्षी भरावे लागू लागले. कागदावर निवडीचे स्वातंत्र्य राहिले, तरी माझ्या मते इथे यादीचे नुकसान झाले, कारण यादीत काय नाही याला पूर्वी जो अर्थ होता तो गेला. एखादी वेबसाइट तिथे दिसत नसेल तर ती संपादकाने नाकारली, की तिच्या मालकाने यंदा पैसे भरले नाहीत, हे वाचकाला कळण्याचा मार्ग उरला नाही. छोटा दुकानदार आणि कारागीर अशा वेळी आधी बाहेर पडतो.

भारतातही अशा याद्या होत्या. राजेश जैन यांच्या इंडियावर्ल्डने चालवलेली 'खोज' ही त्यांतली ठळक. १९९९ च्या नोव्हेंबरात सत्यम इन्फोवेने इंडियावर्ल्ड ४९९ कोटी रुपयांना घेण्याचा व्यवहार जाहीर केला, तेव्हा वेबसाइटींची यादी हाही मोठा धंदा आहे हे आपल्याकडे पुष्कळांना पहिल्यांदा कळले.

प्रश्न : २००० च्या आसपास मराठी वेबसाइटी होत्या, पण सर्च इंजिनात मराठी शब्द टाकून त्या सापडत नसत. असे का?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : कारण इंजिनाच्या दृष्टीने त्या पानांवर मराठी नव्हतेच. त्या काळी शिवाजी, शुषा अशा फॉन्टांत मजकूर लिहीत. पडद्यावर 'ब' दिसे, पण फाइलमध्ये त्या जागी एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असे. त्या चिन्हाला 'ब'चे रूप देण्याचे काम फॉन्ट करी. प्रत्येक फॉन्टची जुळणी निराळी असल्यामुळे 'बडोदे' हा एकच शब्द पाच वेबसाइटींवर पाच प्रकारच्या अक्षरांच्या खिचडीत साठवलेला असे. इंजिन ती खिचडी जशीच्या तशी नोंदवी. माणूस संपादक मात्र तो फॉन्ट उतरवून घेऊन पान वाचू शकत होता आणि त्याला 'मराठी' या शीर्षकाखाली ठेवू शकत होता, म्हणून त्या काही वर्षांत मराठी पानांपर्यंत पोचायला याद्याच अधिक उपयोगी पडल्या. प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच स्वतंत्र जागा होती, पण घरोघरच्या संगणकांत तिची सोय विंडोज २००० पासून हळूहळू आली. २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला, आणि युनिकोडमधला मराठी मजकूर वाढत गेला तसा शब्दशोध आपल्या भाषेत खऱ्या अर्थाने चालू लागला.

आपल्याकडे त्या काळच्या फाइली असतील तर त्या टाकून देऊ नका. रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात, पण मूळ फॉन्ट कोणता हे त्यांना सांगावे लागते, आणि वीस वर्षांनी ते आठवत नाही. फाइल ज्या सीडीवर आहे तिच्या पाकिटावर फॉन्टचे नाव आजच लिहून ठेवा, आणि एक पान छापून त्याच पाकिटात घाला, म्हणजे रूपांतर बरोबर झाले की नाही हे ताडून पाहता येईल.